आतोबांची एक बाल्दी

तुम्ही आज सकाळी चहा पिऊन कप विसळलात, उपडा घातलात आणि तो स्वच्छ झाला असं समजलात. कशावरून? चिडू नका, हा प्रश्न माझा नाही. माझ्या आत्याच्या यजमानांचा आहे आणि तो त्यांनी देवळातल्या भटजींपासून मतं मागायला आलेल्या उमेदवारापर्यंत सगळ्यांना विचारलेला आहे. जगात जे जे टिकून राहिलं ते कशाला तरी चिकटून राहिलं, आणि चिकटण्याची खरी विद्या फक्त लांबलचक रेणूंनाच येते, असं मनापासून मानणारा हा पृथ्वीवरचा एकमेव माणूस असावा. निदान डिचोली तालुक्यातला तरी.

आम्ही त्यांना आतोबा म्हणतो. मूळचे पेडण्याकडचे. रसायनशास्त्र शिकून खाणीच्या प्रयोगशाळेत लागले, आत्याशी लग्न झाल्यावर आमच्या वाड्यावरच, म्हणजे गावातल्या आमच्या वस्तीतच, घर बांधून राहिले आणि निवृत्त होईपर्यंत खनिज धुतलेल्या पाण्याच्या बाटल्या उजेडात धरून बघत बसले. बाटली उजेडात धरायची सवय पुढे हाताला इतकी लागली, की कोणाच्याही घरी पाण्याचा पेला दिला की आतोबा आधी तो जनेलाकडे, म्हणजे खिडकीकडे, नेत, एक डोळा मिटून बघत आणि मग पीत. नवख्या यजमानीणबाईंचा चेहरा उतरे. जुन्या यजमानीणबाई पेला थेट जनेलातच ठेवून मोकळ्या होत.

त्यांच्या स्वतःच्या घरात "भांडं स्वच्छ झालं" हे वाक्य उच्चारायला बंदी होती. "खरकटं गेलं" म्हणायचं. पेजेचा टोप तीनदा धुतला तरी पेजेतल्या पिष्टाचा एक थर टोपाच्या अंगाला बसलेलाच असतो, डोळ्यांना दिसत नाही म्हणून तो नाही असं होत नाही, हे त्यांनी आत्याला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सांगितलं. आत्याने शांतपणे टोप त्यांच्या हातात दिला आणि म्हणाली, "मग तो थर दिसेपर्यंत तुम्हीच घासा." त्या दिवसापासून पेजेचा टोप आतोबाच घासतात. आणि त्यात आपला पराभव झाला आहे असं त्यांना एकदाही वाटलेलं नाही. उलट इतक्या वर्षांचा सलग अभ्यास आपल्याइतका कोणाचा नाही, असं ते छाती काढून सांगतात.

साखरेचा रेणू म्हणजे सुटा मणी आणि पिष्टाचा, डिंकाचा, भेंडीच्या बुळबुळीचा रेणू म्हणजे हजारो मण्यांची माळ, हे मला त्यांनी शाळेत जायच्या आधी शिकवलं. सुटा मणी कुठे बसला तर बसला, धक्का लागला की उठला. माळेचं तसं नाही. हे पटवून द्यायला त्यांनी एका जत्रेत, भर देवळाच्या पायरीवर, आत्याच्या केसांतली अबोलीची फाती, फुलांची गुंफलेली माळ, काढून घेतली. आत्या "अहो, माणसं बघतात" म्हणेपर्यंत फाती पायरीच्या दगडावर पसरलीसुद्धा होती. "बघ गो बाय," ते म्हणाले, "काही फुलं दगडाला टेकलीत. मधे ही कमान उचललीय. आणि ही दोन टोकं हवेत लोंबतायत. पाण्यातली लांब माळ दगडावर, काचेवर, मातीच्या कणावर अशीच बसते. आता ह्यातलं एक फूल सुटलं, तर माळ सुटेल?" मी म्हटलं, नाही. "दुसरं सुटलं तर?" तोवर पहिलं परत टेकलेलं असेल, मी म्हटलं. हे ऐकून त्यांना इतका आनंद झाला, की त्यांनी मला तिथल्या तिथे खाज्याची अख्खी पुडी घेऊन दिली. एकेका फुलाची पकड अगदी लेचीपेची असते. पण सगळी फुलं एकाच वेळी सुटतील असा क्षण काही येत नाही, म्हणून माळ बसली की बसली. मी ज्या घरात वाढले तिथे भिंतीवर देवांपेक्षा पत्रकं जास्त. साहजिकच मोठी झाल्यावर मी उसळून म्हणाले, "आतोबा, ही तर संघटना झाली. एकेकटा दुबळा, सगळे मिळून कोणाला हलत नाहीत." आतोबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "संघटना बिंघटना काही नाही. त्या रेणूला कसलीही विचारसरणी नाही. त्याला फक्त लांबी आहे."

त्यांचे सगळे प्रयोग असेच भर माणसांत होत. खळ किती घातली म्हणजे सुताचा धागा पुरता वेढला जातो, हे ठरवायला त्यांनी एकाच सदऱ्याच्या दोन बाह्यांना वेगवेगळी खळ दिली आणि तो सदरा घालून पुतण्याच्या लग्नाला पेडण्याला गेले. उजवी बाही शहाण्यासारखी वागली. डावीने मात्र हात खाली येऊ द्यायलाच नकार दिला. पंगतीत वाढप्याला वाटलं हे आणखी मागतायत; त्याने खतखतं वाढलं, पुन्हा वाढलं, आणि हात वरच आहे असं पाहून शेवटी सगळं भांडंच पानाशेजारी ठेवून गेला. आतोबांनी ते संपवलं. परत आल्यावर म्हणाले, "डाव्या बाहीचा निष्कर्ष स्पष्ट आहे. पण पोटाला त्रास झाला."

एकदा आम्ही सगळी हरमलला गेलो होतो. बाकीच्यांनी समुद्र बघितला, आतोबांनी एक खडक. लाटेत भिजलेल्या त्या खडकावर बोट फिरवत ते ओणवे राहिले होते, समुद्रातला कुठलाच दगड उघडा नसतो, काही क्षणांत त्याच्यावर काही ना काही येऊन बसतं, असं स्वतःशीच पुटपुटत. भाड्याच्या स्कूटरवरून आलेल्या एका परदेशी पोरसवद्याने हे पाहिलं, चप्पल काढली आणि त्यांच्यापुढे हात जोडून वाळूत बसला. आतोबांनी त्याला मोडक्या इंग्रजीत माळ, कमान आणि टोकं समजावली. तो डोळे मिटून ऐकत राहिला. शेवटी त्याने ह्या ज्ञानाला काय म्हणतात असं विचारलं. आतोबा म्हणाले, केमिस्ट्री. तो जरासा खट्टू होऊन उठला.

आमच्या पत्रकांवर मात्र त्यांचे खरे उपकार आहेत, आणि एक अपकारही. बाबा पत्रकं चिकटवायला मैद्याची घट्ट खळ शिजवत. आतोबा म्हणाले, घट्ट करू नका, पातळ करा, पातळ खळ भिंतीच्या भोकाभोकांत शिरते, माळा पसरायला जागा मिळते. वर त्यांनी त्यात स्वतःचा काही डिंकही मिसळला. त्या वर्षी पंचायतीच्या निवडणुकीत आमच्या उमेदवाराची जी पत्रकं लागली, ती त्याच्या विरोधकाने खरवडून पाहिली, पाणी मारून पाहिली, निघाली नाहीत. पुढे आमचाच उमेदवार विरोधकाच्या पक्षात गेला आणि बाबांना ती पत्रकं काढावीशी वाटली. तेव्हाही निघाली नाहीत. "सत्याशी एकनिष्ठ" असं लिहिलेला त्याचा हसरा चेहरा बसस्टँडच्या भिंतीवर अजून आहे. बाबा तिथून जाताना मान दुसरीकडे वळवतात.

पत्रकांचा मजकूरही आतोबा तपासून देत. म्हणजे खोडून देत. मी "खाणीचं लाल विष" असं लिहिलं की ते विष खोडून माती लिहीत. मला संताप येई. ह्या माणसाने उभं आयुष्य खाणीचा पगार घेतला, अजून त्यांचीच बाजू घेतो, असं मी एकदा तोंडावर बोलले. ते रागावले नाहीत. म्हणाले, "विष म्हटलंस की ते लोक प्रयोगशाळेचा कागद आणतील, त्यात विष नसेल, आणि तू खोटी पडशील. माती म्हण. माती आहे हे त्यांना कुठल्याच कागदावर नाकारता येणार नाही." त्यानंतर मी विष हा शब्द क्वचितच वापरला आहे, आणि माती ह्या शब्दाला ते लोक किती दचकतात हे स्वतः पाहिलं आहे.

आता तळीची गोष्ट. आमच्या वाड्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी, झरीच्या पाण्यावर भरणारी एक लहानशी चिरेबंदी तळी आहे. मयेचा तलाव बघायला माणसं गाड्या करून येतात. आमची तळी बघायला म्हशीशिवाय कोणी येत नाही. पण वाड्याची सुपारी-नारळाची कुळागरं, परसातली भाजी आणि वायंगणाच्या, पावसानंतरच्या भाताच्या रोपांचा तरवा, सगळं त्या पाण्यावर. काही वर्षांपूर्वी डोंगरामागे खाणीच्या मातीचा ढिगारा इतका वाढला, की पावसात त्याची माती झरीच्या वाटेने तळीत उतरली. पाऊस गेला, माती गेली नाही. दिवाळी आली तरी पाणी वीट विरघळल्यासारखं लाल. खाली बसतच नव्हतं. ते पाणी वाफ्यात सोडलं की मातीची साय कोवळ्या रोपांवर बसे आणि रोपं गुदमरून पिवळी पडत.

मग खाणीचा सुपरवायझर आला. मोटरसायकलवर, डोक्यावर शिरस्त्राण, बोलणं तुपासारखं. तळी तशी निकामीच झालीय, म्हणाला. ती कंपनीला गाळ साठवायला द्या, त्या बदल्यात वाड्याला रोज टँकर. लोकांना ते पटायला लागलं होतं. तरवा पिवळा पडत होता आणि टँकर दारात येणार होता. येत्या रविवारी मांडावर, म्हणजे जिथे वाड्याचे सगळे निर्णय होतात त्या देवाच्या पटांगणात, सगळ्यांनी बसून होकार द्यायचा असं ठरलं. मी तीन पत्रकं काढली. लोकांनी ती वाचली, घडी घातली आणि टँकर किती वाजता येईल ह्यावर बोलू लागले.

आतोबांनी पत्रक काढलं नाही. त्यांनी तळीच्या लाल पाण्याचे दोन काचेचे पेले, आमच्याकडचे कोप, भरून आपल्या रस्त्याकडच्या जनेलात ठेवले. परसातली भेंडी चिरली, पाण्यात भिजत घातली, कुस्करली, फडक्यातून गाळली. त्या बुळबुळीत पाण्याचे चार थेंब एका कोपात टाकले, चहाच्या चमच्याएवढ्या कुलेरीने आधी भराभर आणि मग हळूहळू ढवळलं. दुसऱ्या कोपाला हात लावला नाही. आणि खुर्ची टाकून बसले. दूध घालायला जाणारी पहिली बाई थांबली. पहिल्या कोपात रव्यासारखे लाल कण दिसायला लागले होते. कण मोठे झाले, जड झाले, खाली बसले. देवळातून लोक परत येईपर्यंत वरचं पाणी असं नितळ झालं, की त्यातून पलीकडचं तुळशीवृंदावन दिसत होतं. दुसरा कोप होता तसा लाल. जनेलासमोर जत्रा भरली. भेंडीची एक माळ एका कणाला एका टोकाने धरते, दुसऱ्याला दुसऱ्या टोकाने, असे हात धरून दोघांचे दहा होतात आणि मग जडपणाने खाली बसतात, हे आतोबा प्रत्येक नव्या माणसाला पहिल्यापासून सांगत होते. त्यांचा घसा बसला. आत्या मधेमधे पाणी देत होती. तेही ते जनेलात धरून बघत होते.

मला आनंदाबरोबर रागही आला होता. म्हटलं, "आतोबा, माती त्यांनी टाकायची आणि भेंडी आपण चिरायची? आपण त्यांची घाण साफ करून देतोय." ते म्हणाले, "माती त्यांची, तळी आपली. आधी तळी. ती हातची गेली की तू भांडणार कशासाठी?"

रविवार तोंडावर होता. वाड्याने ठरवलं, शनिवारी सकाळी तळीत भेंडी घालायची. पाणी निवळलं तर टँकर नको, नाही निवळलं तर रविवारी सही. आतोबांनी हिशेब करून सांगितलं, एक बाल्दी पुरे. टोपलीभर भेंडीची, एकच. आणि इथे त्यांच्या हातून ती चूक झाली. एवढ्या लोकांचे उजळलेले चेहरे पाहून ते भरात बोलून गेले, "भेंडी मात्र सगळ्या वाड्याची लागो."

आमच्या वाड्यावर 'सगळ्या वाड्याची' ह्या शब्दांना काय अर्थ आहे ते बाहेरच्या माणसाला सांगितल्याशिवाय कळणार नाही. मांडावरचा नारळ असो, शिगम्याचं तेल असो, देवाची माडी शाकारायची असो, प्रत्येक घराचा वाटा येतो आणि तो घ्यावाच लागतो. एका घराचा घेतला आणि दुसऱ्याचा परत पाठवला, तर ते घर पुढच्या पिढीपर्यंत मांडावर पाय ठेवत नाही. शनिवारी सकाळी आतोबा आपली एक बाल्दी घेऊन तळीवर पोचले, तर काठावर रांग लागलेली. प्रत्येक घराची एक बाल्दी, काठोकाठ, बुळबुळीत भरलेली. कोणी सात शिरांची मोठी भेंडी बियाण्याला ठेवली होती तीही चिरून आणलेली. रात्रभर अख्खा वाडा भेंडी कुस्करत होता. आतोबांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी समजावून पाहिलं, की एकच घालायची आहे, बाकीच्यांनी कृपा करून घरी न्याव्यात.

देवळाशेजारच्या घरातली म्हातारी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "तुमची बाल्दी तळयेक जाय, आमची नाका? आमी किते परकीं?"

ह्यावर रसायनशास्त्रात उत्तर नाही. मग आधी कोणाची बाल्दी, नंतर कोणाची, ह्या मानावरून थोडं भांडण झालं, ते मांडावर नारळ ठेवायच्या ठरलेल्या क्रमाने मिटलं आणि एकामागून एक सगळ्या बाल्द्या तळीत गेल्या. आतोबा पायरीवर बसून बघत होते. सगळ्यात शेवटी त्यांचीही बाल्दी, मान म्हणून, लोकांनीच ओतली.

दुपार झाली. पाणी लाल. संध्याकाळी लाल, आणि वर तार धरल्यासारखं बुळबुळीत. म्हैस आली, तिने नाक लावलं आणि पाणी न पिता परत गेली. आधी लोक आतोबांना धीर देत होते, मग गप्प झाले, मग बोलायला लागले. म्हातारो पिसो जालो, असं कोणीतरी मागून म्हटलं. बुळबुळ कुजली की तळीला वास सुटणार, आता टँकरवाचून गत्यंतर नाही, असं सगळ्यांचं मत पडलं. मला वाटत होतं की आतोबा उठून, मी एकच सांगितली होती, तुम्ही ऐकलं नाही, असं ठणकावतील. ते खरंच होतं. त्यांनी तसं केलं नाही. म्हणाले, "बाय, मी हिशेब रेणूंचा केला. माणसांचा करायचा राहिला."

रविवारी सकाळी मांडावर बैठक भरायच्या आधीच सुपरवायझर कागद घेऊन तळीवर हजर झाला. लोकही जमले. आतोबा रात्रभर झोपले नव्हते हे आत्याच्या डोळ्यांवरून कळत होतं. त्यांनी तळीचं पाणी एका कोपात घेतलं, उजेडात धरलं आणि बोलले. त्यांचा आवाज हलका होता, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

"आपण काय केलं ते सांगतो. हात धरायचा तर धरायला जागा रिकामी लागते. आपण इतकी भेंडी घातली, की मातीच्या एकेका कणाचा शाल घालून सत्कार केला. आता सगळेच सत्कारमूर्ती. अंगभर शाल घेतलेला सत्कारमूर्ती दुसऱ्याचा हात धरील का? तो आपला एकटाच मिरवतोय पाण्यात."

कोणीतरी हसलं. मग आतोबा म्हणाले, "आता ह्याच्यात शाल न मिळालेले कण पाहिजेत. उघडे. ते ह्यांच्या शालीची टोकं धरतील. मला माती आणून द्या."

कोणालाच काही कळेना. सुपरवायझरने शिरस्त्राण काढून डोकं खाजवलं. ज्या मातीने तळी घालवली, ज्या मातीविरुद्ध मी तीन पत्रकं काढली, ती माती हा माणूस तळीत आणखी टाका म्हणत होता. म्हातारी पुटपुटली, देवाने ह्याची बुद्धी नेली. आतोबांनी वाद घातला नाही. खाली वाकून पायाखालची चिमूटभर लाल माती उचलली, हातातल्या कोपात टाकली आणि कुलेरीने ढवळायला लागले. आधी भराभर. मग हळू. मग कुलेर काढून कोप तळीच्या काठावर ठेवला.

सगळी माणसं कोपाभोवती जमली. कोपात आधी काहीच झालं नाही. मग एक लाल कण दिसला. मग त्याच्या बाजूला दुसरा. मग रवा पडल्यासारखं सगळं कोपभर दाटलं आणि खाली सरकायला लागलं.

सगळ्यात आधी हलला तो सावंतवाडीकडून येऊन आमच्या वाड्यावर राहिलेला ट्रकवाला. तोच खाणीचा माल वाहायचा. म्हणाला, "चिखल होयो मां, आतोबानु? माझ्या टायरांचो काडा. फुकट आसा." आणि खरोखरच ट्रकच्या टायरांना चिकटलेल्या खाणीच्या मातीची पहिली टोपली तळीत गेली. मीही पदर खोचला. माझ्या आयुष्यात मी खाणीची माती एवढ्या प्रेमाने कधी उचलली नव्हती. आतोबा काठावरून ओरडत होते, आधी पाण्यात कालवा मग ओता, पुरे, आता थांबा, आता हळू. माणसं लांब बांबू घेऊन तळीच्या चारी बाजूंनी पाणी ढवळत फिरली. ह्या वेळी माती मोजून घातली जात होती, कारण ह्या वेळी मानाच्या रांगेपुढे आत्या उभी होती. टोपली घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला ती सांगत होती, "घराची मूठ टाका आणि टोपली खाली ठेवा." प्रत्येक घराने एकेक मूठ टाकली. मान राहिला, प्रमाणही राहिलं. जे आतोबांना चिकटण्याच्या एवढ्या अभ्यासातून सुचलं नाही, ते आत्याला पेजेचा टोप न घासता सुचलं.

मांडावरची बैठक संध्याकाळपर्यंत पुढे ढकलली. दुपारनंतर एक बाई काठावर वाकली आणि म्हणाली, "माझी कुलेर." कित्येक वर्षांपूर्वी तिची तळीत पडलेली पितळी कुलेर खालच्या पायरीवर पडली होती. दिसत होती. मग सगळेच वाकले. पायऱ्या दिसल्या, पायऱ्यांवरचं शेवाळ दिसलं, तळाशी बसलेला लाल गाळ दिसला आणि त्याच्यावर उभं पाणी, काच ठेवल्यासारखं. संध्याकाळी मांडावर कागदाची वेळच आली नाही. सुपरवायझर जाताना आतोबांना नमस्कार करून गेला. खरं सांगायचं तर त्याला फार वाईट वाटलेलं दिसत नव्हतं.

मला मात्र राहवलं नाही. मी मांडावर उभी राहून म्हणाले, की आज तळी वाचली, पण ढिगारा तिथेच आहे, दर पावसात तो उतरणार आणि दर दिवाळीला आपण भेंडी चिरत बसणार का? आतोबा माझ्यानंतर उठले. मला वाटलं आता खोडतील. ते एवढंच म्हणाले, "ती बोलली त्यातला एकही शब्द खोडायचा नाही." त्यानंतर आम्ही पंचायतीकडून तालुक्यापर्यंत गेलो, ढिगाऱ्याच्या पायथ्याशी दगडी बांध घालून घेतला. माती आता कमी येते. येतच नाही असं नाही. म्हणून दर दिवाळीला तळीत बाल्दी जाते. एकच. तिच्यासाठी प्रत्येक घरातून भेंडी येते, घरटी एक. नारळाच्या क्रमानेच येते.

आत्या दोन वर्षांपूर्वी गेली. आतोबा आता मोपच्या पठारावर लेकीकडे असतात. डोक्यावरून विमानं जातात, त्यांना ती ऐकू येत नाहीत. माणसं एकेक करून त्यांच्यातून सुटत चालली आहेत. आधी माझं नाव गेलं, मग बाबांचं. मागच्या वेळी त्यांनी मला आत्याच्या नावाने हाक मारली आणि विचारलं, फाती कुठे माळली नाहीस? मी पुढच्या खेपेला अबोलीची फाती घालून गेले. त्यांनी ती माझ्या केसांतून काढून घेतली, मेजावर पसरली आणि बोटाने एकेक फूल टेकवत बसले. मधली कमान त्यांनी बरोबर उचलली. टोकं हवेत सोडली. पेज खाऊन झाल्यावर टोप मात्र ते कोणालाही घासू देत नाहीत.

निघताना दर वेळी ते मला दारात थांबवतात. मी कोण हे त्या वेळी त्यांना ठाऊक असतं की नाही, मला सांगता येत नाही. पण विचारतात, "तळयेंत कितल्यो बाल्द्यो घातल्यात?"

"एकच, आतोबा."

"बरें केलें," म्हणतात, आणि माझा हात सोडतात.

ह्या वर्षी आमच्या वाड्यावर काही घरं बंद आहेत, पोरं परगावी गेली आहेत, भेंडी कमी पडणार आहे. म्हणून तुम्हाला एक विनंती आहे. दिवाळीनंतरच्या पहिल्या शनिवारी सकाळी डिचोलीहून आमच्या तळीवर या. वाट कोणीही दाखवील, भेंडीची तळी म्हणून विचारा. वाटेत तुमच्या गावच्या तळीचं, विहिरीचं पाणी एका बाटलीत भरून घ्या आणि उजेडात धरून बघा. लाल असेल तर ती बाटली आमच्याकडे घेऊन या, तिच्यासाठी भांडायला आम्ही तुमच्याबरोबर येऊ. आणि येताना परसातली भेंडी आणा. तुमचंही एक घर धरू. पण आतोबांची आठवण ठेवा आणि भेंडी एकच आणा.